शीट संपते तिथं आमचं घर

(विद्यार्थी मेळाव्यातलं भाषण)



मला विचारतात, तू आर्किटेक्चरलाच का गेलास? कलेक्टरची परीक्षा द्यायचीस. आर्किटेक्ट म्हणजे बंगलेवाल्यांचा माणूस! खरंय. माझ्या वर्गातल्या काही पोरांच्या घरी दोन-दोन आर्किटेक्ट आहेत. माझ्या घरी एक गवंडी आहे.

ओळंबा, थापी, गुण्या आणि दोरी ही माझ्या बापाची हत्यारं. मराठवाड्यातल्या आमच्या गावात त्यानं किती घरं बांधली त्याला मोजता यायची नाहीत. माय घमेली वाहायची. पाया खणताना बापाचा विटाळ नव्हता, देवघराचा कोनाडा त्यानंच लिंपला. वास्तुशांत झाली की मात्र बाप अंगणात, आणि त्याचा चहाचा कप निराळा. एकदा घरी येऊन म्हणाला, "म्या बसवलेला उंबरा मलाच वलांडता येत न्हाई, ह्यो कसला नकाशा रं?" माझं ॲडमिशन त्या दिवशीच झालं म्हणा.

गाव बघा आमचं. देऊळ आणि वाडे उंचावर. महारवाडा पूर्वेला, उतारावर. वारा पश्चिमेचा, म्हणजे आधी त्यांच्या अंगावरून आणि मग आमच्या. पाऊस पडला की साऱ्या गावची घाण आमच्या दारात. हे आपोआप झालं? कुणीतरी वारा बघितला, उतार बघितला, पाण्याची वाट बघितली आणि बोट दाखवलं, तुम्ही तिथं. याला प्लॅनिंगच म्हणतात. बृहत्संहितेत तर मातीचे रंगसुद्धा वाटून दिलेत. ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. आपण कुठल्या रंगात? कुठल्याच नाही. आता वस्तीला भीमनगर म्हणतात. पाटी बदलली, उतार तोच आहे.

आणि लोक मलाच विचारतात, वास्तुशास्त्र शिकतोस ना, सांग बरं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला पाहिजे!

दुसऱ्या वर्षाला गावाचा सर्व्हे काढून आणायला सांगितला. पोरांनी वाडे काढले, चौक, कोरीव खांब, तुळया. सुंदरच होतं, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांचं गाव वेशीपाशी थांबलं. मी वेशीबाहेर गेलो. आमची वस्ती मोजली, हापसा काढला, गटार काढलं, मायची चूल काढली. शीट पुरली नाही, तर खाली दुसरी चिकटवली. सर म्हणाले, "हे सेटलमेंटचा भाग नाही, आणि शीटच्या बाहेर गेलंय." मी म्हणालो, सर, आम्ही बाहेरच आहोत. मार्क कमी पडले. शीट मी अजून जपून ठेवलीय.

प्रेरणा कोण, असं विचारतात तेव्हा वर्गात कार्बुझिएचं नाव घ्यायची पद्धत आहे. चंदीगड मीही अभ्यासलं, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला आधी राजगृह आठवतं. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसानं 1930च्या दशकात दादरला घर बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. घर कशासाठी बांधायचं, हा पहिला प्रश्न. तो मला कॉलेजनं नाही, राजगृहानं विचारला.

आणि नागपूर. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली, त्या जागेवरचा स्तूप. आर्किटेक्ट शिवदान मल. काम 1978ला सुरू झालं, उद्घाटन 2001ला. नमुना सांचीचा; पण सांचीचा स्तूप भरीव, त्याला बाहेरून फेरी मारायची. दीक्षाभूमीचा पोकळ आहे. माणसं आत जातात! हजारो वर्षं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी दगडाचं पोट मोकळं केलं. याहून मोठी डिझाइन मला कुणी शिकवलेली नाही. बाप बरोबर होता. त्यानं हात जोडले, भिंतीवर तळवा फिरवला आणि वर बघत म्हणाला, "सेंट्रिंग कसं लावलं असंल रं?" मला सांगता आलं नाही. लाज वाटली. परत येऊन ग्रंथालयात घुमटाचं पुस्तक काढलं.

म्हणून मी शिकतोय. बापाच्या हाताला बांधता येत होतं, रेघ मात्र दुसऱ्याची होती.

आता कामाचं बोलतो. रविवारी सकाळी सात वाजता आपण ही वस्ती मोजणार आहोत. प्रत्येक घर, मोरी, नळ, पाणी कुठं तुंबतं ते सगळं. नगरपालिकेच्या नकाशात इथं मोकळी जागा दाखवलीय. दहा पोरं-पोरी पाहिजेत. ज्याच्याकडं टेप असेल त्यानं आणावी, नसेल त्यानं दोरी आणा. दोरीला गाठी कशा मारायच्या ते माझा बाप दाखवील.

जयभीम!