सहाव्या आठवड्याची तपासणी



ज्या मातेच्या रक्तांत एच्. आय्. व्ही. हा विषाणु आहे, तिच्या तान्ह्या बाळाविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. हा विषाणु गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं अगर अंगावरील दुधावाटे बाळास लागूं शकतो. मातेनें नियमित औषध घेतलें, तर हा धोका शेंकडा ५ हूनही खालीं येतो. तरी बाळाची तपासणी चुकवूं नये.

मोठ्या माणसांची नेहमींची तपासणी रक्तांतील प्रतिपिंडें शोधते. आईचीं प्रतिपिंडें बाळाच्या रक्तांत जन्मापूर्वींच उतरतात व १८ महिन्यांपर्यंत राहूं शकतात. म्हणून त्या तपासणीवरून बाळाचा निर्णय होत नाहीं. मग दीड वर्ष थांबावयाचें काय? मुळींच नाहीं. बाळ ६ आठवड्यांचें झालें कीं टांचेस सुई टोंचून रक्ताचे थेंब कागदावर वाळवितात व प्रयोगशाळेंत पी. सी. आर. पद्धतीनें खुद्द विषाणूचा शोध घेतात. आपल्या देशांत सरकारी केंद्रांतून ही तपासणी विनामूल्य होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची ती पुढेंही पुन्हां करावी लागते.

ही घाई कशासाठीं? उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकीं सुमारें निम्मीं दोन वर्षांचीं होण्याआधींच दगावतात. दक्षिण आफ्रिकेंत केप टाऊन व सोवेटो येथें कांहीं बाधित बाळांस लागलीच औषध दिलें. इतरांचें, त्या काळच्या रीतीप्रमाणें, लक्षणें दिसेपर्यंत अगर प्रतिकारशक्ति ढळेपर्यंत राखून ठेविलें. २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : थांबविलेल्यांपैकीं शेंकडा १६ दगावलीं, लागलीच औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें वर्षाखालील प्रत्येक बाधित बाळास ताबडतोब औषध देण्याची शिफारस केली. आतां पाण्यांत विरघळणारी डोल्युटेग्राविरची गोळी इतर औषधांसह ४ आठवड्यांच्या बाळासही देतां येते. मात्र औषध रोज व जन्मभर घ्यावें लागतें.

तपासणी आहे, औषध आहे; आड येते ती लाज. घराण्याचें नांव जाईल या भयानें सहावा आठवडा टळतो, आणि त्याचें मोल बाळ देतें. अशा मुलास मांडीवर घेतल्यानें, त्याचा मुका घेतल्यानें वा शाळेंत शेजारीं बसल्यानें हा विषाणु लागत नाहीं. २०१७ च्या कायद्यानें शाळेसही त्यास दूर लोटतां येत नाहीं.

बंधुभगिनींनो, एखाद्या मातेनें विश्वासानें आपलें दुःख सांगितलें, तर तें गुपित राखा, दोष कोणाचा हें विचारूं नका, आणि सहाव्या आठवड्यास तिच्यासोबत दवाखान्यांत चला.