ट्रॅकसाठी मोटारसायकल : यामाहा आर 7 की अप्रिलिया आरएस 660

सार्वजनिक वाहतुकीपासून पूर्णपणे अलग असलेल्या, एकाच दिशेने गाड्या धावणाऱ्या बंदिस्त डांबरी मार्गाला शर्यतींच्या परिभाषेत ट्रॅक म्हणतात, आणि ठरावीक शुल्क भरून हौशी चालकांना जेथे आपली गाडी मनसोक्त चालविता येते त्या दिवसाला ‘ट्रॅक डे’ हे नाव रूढ झाले आहे. अमेरिकेत व युरोपात अशा दिवसांसाठी हजार सीसीच्या अवजड सामर्थ्याऐवजी मध्यम वजनगटातील दोन सिलिंडरच्या गाड्या पसंत करणारा मोठा वर्ग असून, त्याच्यापुढे 2020 साली आलेली अप्रिलिया आरएस 660 आणि 2021 साली आलेली यामाहा आर 7 यांतून निवड करण्याचा प्रश्न उभा राहतो. येथील तुलना या दोन्ही गाड्यांच्या पहिल्या आवृत्त्यांपुरती आहे.

कागदावर पाहता आर 7 चे इंजिन 689 सीसीचे आणि अप्रिलियाचे 659 सीसीचे, म्हणजे यामाहाचे थोडे मोठेच आहे, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ देण्याचा जोर, दोहोंचा सारखाच, 67 न्यूटन-मीटर आहे. तरीही यामाहाची कमाल शक्ती सुमारे 73 अश्वशक्ती, तर अप्रिलियाची 100 भरते. याचे कारण असे की शक्ती ही टॉर्क आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून ठरते, आणि यामाहाचा टॉर्क मिनिटाला 6,500 फेऱ्यांवर शिखर गाठून 8,750 फेऱ्यांपर्यंत बराच उतरतो, तर अप्रिलियाचे इंजिन तोच जोर जवळजवळ 10,500 फेऱ्यांपर्यंत टिकवून धरते. सरळ पट्ट्यावर हा फरक उघड दिसतो. वळणातून बाहेर पडताना मात्र यामाहाचा खालच्या फेऱ्यांत मिळणारा जोर नवख्याला अधिक सोयीचा ठरतो, कारण गिअर एखादा चुकला तरी गाडी मरगळत नाही. दोन्ही इंजिनांत क्रँकशाफ्टवरील पिना 270 अंशांच्या अंतराने बसविलेल्या असल्यामुळे ज्वलनाचे ठोके समान अंतराने पडत नाहीत आणि मागच्या चाकाची पकड चालकाला अधिक स्पष्ट जाणवते, असे अनेक जाणकार मानतात.

खरी तफावत इलेक्ट्रॉनिक साहाय्यात आहे. गाडी पूर्ण झुकलेली असते तेव्हा मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाही नसतो. तोच भाग वळण्याचा आणि वेग वाढविण्याचा असा दुहेरी भार पेलत असतो, आणि थ्रॉटल थोडे जास्त पिळले गेले की टायर घसरू लागतो. अप्रिलियातील सहा अक्षांचा संवेदक गाडीचा झोक आणि हालचाल सतत मोजतो, त्या आधारे ट्रॅक्शन कंट्रोल ही यंत्रणा घसरण्याच्या बेतात असलेल्या चाकाकडे जाणारी शक्ती तत्काळ कमी करते, आणि एबीएसही झुकलेल्या अवस्थेचा हिशेब ठेवून काम करते. आर 7 च्या पहिल्या आवृत्तीत ट्रॅक्शन कंट्रोल मुळीच नव्हते. हा दोष आहे यात शंका नाही, पण 73 अश्वशक्तीच्या गाडीत तो 100 अश्वशक्तीच्या गाडीइतका जाचक नसतो, आणि थ्रॉटल हळुवारपणे उघडण्याची सवय यंत्राच्या आधाराविना अधिक पक्की होते, हेही नाकारता येत नाही.

वजनाबाबत फारसे बोलण्यासारखे नाही, कारण इंधनासह यामाहा 188 किलो आणि अप्रिलिया 183 किलो भरते; पुढचे फोर्कही दोहोंचे 41 मिलिमीटरचे आणि समायोज्य, म्हणजे चालकाच्या वजनानुसार कमी-अधिक ताठ करता येणारे आहेत.

किमतीचा विचार मात्र निर्णायक ठरू शकतो. अमेरिकेत आर 7 ची पहिली किंमत 8,999 डॉलर आणि आरएस 660 ची 11,299 डॉलर होती, आणि मधल्या 2,300 डॉलरमध्ये ट्रॅकचे टायर, चालकाच्या वजनाला अनुरूप मागचा शॉक ॲब्सॉर्बर, चांगले ब्रेक पॅड आणि काही ट्रॅक डेचे शुल्क असा बराच मोठा भाग बसतो. ट्रॅकवर गाडी कधी ना कधी पडतेच, तेव्हा फेअरिंग आणि लीव्हर किती स्वस्तात व किती लवकर मिळतात हा प्रश्न कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा मानला पाहिजे. म्हणून शिकण्यासाठी येणाऱ्याने आर 7 निवडावी. ज्याचा हात बसलेला आहे आणि ज्याला सरळ पट्ट्यावर मागे पडणे खटकते त्याने आरएस 660 साठी जादा पैसे मोजावेत.

महाराष्ट्रातील चालकाला यापैकी कोणत्याही गाडीमागे धावण्याआधी अप्रिलियाचीच लहान आरएस 457 विचारात घेता येईल. ती बारामतीच्या कारखान्यात तयार होते, आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या अवघ्या 2.1 किलोमीटरच्या ट्रॅकवर तिची सुमारे 47 अश्वशक्ती शिकाऊ चालकाला पुरेशी आहे.