कोळशाने धरलेले विष



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा रंगखात्यातल्या कामगारांनी भरवली. तेव्हा आज रसायनशास्त्र सांगायला उभे राहणे हे धारिष्टच आहे. परंतु विषय आमच्या माणसांच्या हातांशी निगडित आहे, म्हणून उभे राहिलो.

उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले असा टाकाऊ माल हवा तुटपुंजी ठेवून सुमारे ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्याची राख न होता कोळसा उरतो. यालाच आज बायोचार म्हणतात. त्याचा गुण जुनाच आहे. कोळसा द्रवातला रंग काढतो, हे १७८५ साली लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाला सेंट पीटर्सबर्गमध्ये आढळले. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आला. कारण काय? कोळसा सच्छिद्र असतो. चांगल्या बायोचारच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, आणि त्याला रंग, शिसे, कॅडमियम चिकटून बसतात.

मात्र तो सर्वांना सारखा धरीत नाही. साध्या बायोचारवर बहुधा ऋण विद्युतभार असतो. म्हणून धनभारित मेथिलीन ब्लू तो चटकन धरतो. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यांच्यासाठी कोळशावर आणखी संस्कार करावे लागतात. आणि रंगाच्या पाण्यात घातलेले मीठ तर त्यातून सरळ निघून जाते. म्हणून निवळ दिसणारे पाणी शुद्धच असते, असे समजू नये.

आता आमचा मुद्दा. कोळसा विष खात नाही, धरून ठेवतो. छिद्रे भरली की तो कोळसाच विषाचे गाठोडे होतो. एका रंगखात्यात गाळणीतला असा कोळसा आमचे लोक उघड्या हातांनी उपसून पोत्यांत भरीत होते. आम्ही विचारले, पोती कोठे जातात? उत्तर मिळाले, "ओढ्यापलीकडे." पहिल्या पावसात त्यातले काय कोठे पोचले असेल, हे आपणच ताडावे.

घातक कचरा हाताळण्याचे नियम २०१६ साली झाले. पण नियमाने हात झाकले जात नाहीत. त्यासाठी हातमोजे लागतात. म्हणून असे यंत्र बसविणाऱ्याला नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत: पाण्यातून काय निघाले, आणि भरलेला कोळसा कोणी, कोठे नेला? पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देईल. दुसरा प्रश्न पोती उचलणाऱ्यालाही विचारावा. त्याला ते ठाऊक असते.