संग्रहालयात मुलाबरोबर

औंधच्या मूळपीठावर यमाईचे दर्शन घेऊन उतरणारी कित्येक कुटुंबे त्याच टेकडीवरील श्री भवानी संग्रहालयातही शिरतात. परंतु घाईघाईने बाहेर पडतात. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या या वास्तूत राजा रविवर्मा यांची ‘सैरंध्री’ आहे, तसेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे. सैरंध्रीपाशी आजी द्रौपदीच्या अज्ञातवासाची कथा सांगू शकते. मूरच्या शिल्पाला कथा नाही. तेथे गोंधळतात ती मोठी माणसेच, आणि ओढला जातो तो मुलाचा हात! वास्तविक त्या आकारातील आईला मूल बहुधा आधी ओळखते. त्यास थांबू द्यावे, ‘काय दिसते?’ एवढेच विचारावे व उत्तराची वाट पाहावी. परतीची एस.टी. चुकणार नाही इतके पाहिले म्हणजे झाले. उरलेली दालने पुढच्या खेपेस.