गावाकडची वाट : थोडी लांबची, पण उजेडातली

(मंडळाच्या गणेशोत्सवात 'सभासदांचे अनुभव' या कार्यक्रमात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)





मी काही वक्ता नाही. आयुष्य पीण्याच्या शेडमध्ये लेथ मशीनच्या आवाजात गेले, त्यामुळे माझा आवाज जरा मोठा आहे, एवढीच काय ती माझी वक्त्याची पात्रता. कार्यवाहांनी सांगितले, "काका, तुम्ही इतकी वर्षे मोटारसायकलने गावी जाता, नव्या मुलांना रस्ता सांगा." तेव्हा आजचा विषय एवढाच : यशवंतपूरहून कोल्हापूरकडे दुचाकीने जायचे, पण लॉऱ्यांच्या गर्दीत सापडायचे नाही, तर आखणी कशी करायची?

माझे गाव कागल तालुक्यात. इथून हमरस्त्याने जवळपास ५९० किलोमीटर. जुना ४ नंबरचा, आताचा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. तुमकूर, सिरा, हिरियूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, राणेबेन्नूर, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी ही नावे आपल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, सणाच्या तोंडावर बसचे तिकीट परवडत नाही, मग पोरे गाडीला किक मारतात. त्यात मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच केले.

आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही, याचा मी बराच विचार केला. २००९ साली गणेशचतुर्थी २३ ऑगस्टला, रविवारी आली होती. आमच्या शेडमधला एक मुलगा, नाव घेत नाही, शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. दीडशे सीसीची नवी गाडी होती. म्हणाला, "काका, पाळी संपली की रात्री दहाला निघतो. रस्ता कसा आहे?" मी म्हणालो, "सरळ रस्ता आहे रे. चौपदरी झालाय. रात्री गर्दी नसते. सकाळी घरी पोचशील." राणेबेन्नूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक लॉरी बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधा दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा ठेवलेली नव्हती. पहाटे साडेतीनचा सुमार. तो घरी पोचला नाही.

कोणी मला कधी काही बोलले नाही. पण "रात्री गर्दी नसते" हे वाक्य माझे होते, आणि ते चूक होते. ते किती चूक होते, हे मला इथेच, आपल्या यशवंतपुरातच कळले.

आपल्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या येतात, हे तुम्ही जाणताच. रविवारी सकाळी मी तिकडे जाऊन बसू लागलो. ड्रायव्हर आपलेच, कोणी नगरकडचे, कोणी सोलापूरचे. मराठी ऐकले की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मी त्यांना एकच विचारायचो, "तुम्ही कुठे कधी असता?" नगरकडचा एक वयस्कर ड्रायव्हर हसला. म्हणाला, "साहेब, दिवसा शहरात घेत नाहीत, सकाळच्या लिलावाला माल उतरलेला पाहिजे. मग आम्ही रात्रीच पळणार की! तुम्हाला रात्री रस्ता मोकळा वाटतो, पण तो आमचा कामाचा वेळ आहे." आणि पुढे म्हणाला, "मागं चिकटलेली दुचाकी आम्हाला आरशात दिसतच नाही. पहाटे तीन-चारला तर माझे डोळे उघडे असतात, पण बघत नसतात."

मंडळी, इतका खरा सल्ला मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. ज्यांना मी घाबरत होतो, त्यांनीच मला आखणी शिकवली.

आता हा महामार्ग समजून घेऊ. झाड डोळ्यांपुढे आणा. गोरगुंटेपाळ्यापासून नेलमंगलापर्यंतचा तुकडा हे खोड. नेलमंगलाला हासन-मंगळूरची फांदी फुटते. तुमकूरला तिपटूर-शिमोग्याची. हिरियूरला चळ्ळकेरे-बळ्ळारीची. चित्रदुर्गला होस्पेट-विजापूर-सोलापूरची. म्हणजे सोलापूरकडचा माल आणि हुबळीकडचा माल चित्रदुर्गला एकत्र येतो, हिरियूरला त्यात बळ्ळारीचा मिसळतो, आणि तो सगळा लोंढा सिऱ्यावरून तुमकूरला उतरतो. सगळ्यांत दाट रहदारी कुठे, ते यावरून कळते. खोड टाळता येत नाही, कारण आपण खोडाशीच राहतो. पण तुमकूरनंतरचा दाट तुकडा टाळता येतो.

म्हणून माझी वाट अशी. पहाटे पाचला यशवंतपूर सोडायचे. शहराबाहेर जाणारा माल बहुतेक संध्याकाळी भरून रात्री निघतो. पाचला निघालो की तो आपल्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. येणाऱ्या गाड्या दुभाजकाच्या पलीकडे. साडेसहाच्या सुमारास तुमकूर. तिथे हमरस्ता सोडून जुन्या २०६ नंबरच्या शिमोगा-होन्नावर रस्त्याला लागायचे. गुब्बी, तिपटूर, अरसीकेरे, कडूर, बिरूर, तरीकेरे, भद्रावती, शिमोगा. हा रस्ताही आता पुष्कळ रुंद झाला आहे, तो काही निर्मनुष्य नाही. पण लॉऱ्यांची ती अखंड माळ इथे नसते. तिपटूरला नारळाच्या बागा आणि खोबऱ्याचा बाजार, तरीकेऱ्याच्या पुढे सुपारी. शिमोगा साधारण ३०० किलोमीटर. थांबत थांबत दुपारी दोन-तीनपर्यंत पोचतो. तिथेच मुक्काम. "अजून उजेड आहे, पुढे जाऊ" म्हणायचे नाही!

हाताशी वेळ असेल, तर भद्रावतीहून चन्नगिरीकडे वळा. चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे. बंगळूर त्यांची जहागीर, त्यामुळे आपल्यासाठी ते घरचेच ठिकाण. १६६४ च्या जानेवारीत शिकारीला गेले असता धावत्या घोड्याचा पाय अडकला आणि राजे पडले, अशी हकिकत सांगतात. सारे आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस. मी तिथे हात जोडतो तेव्हा मनात येते, स्वार कितीही कसलेला असो, पायाखालचे दिसले नाही तर संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिमोगा सोडायचे. शिकारीपूर, शिराळकोप्पा, आनवट्टी, हनगल, तडस, कलघटगी, धारवाड. सुमारे २०० किलोमीटर. भाताची खाचरे, तळी, मधूनच मक्याची शेते. हनगलला तारकेश्वराचे जुने देऊळ आहे, अर्धा तास पाय मोकळे करायला उत्तम. या वाटेने हावेरी-हुबळीचा महामार्ग चुकतो आणि हुबळी-धारवाडचा बायपासही चुकतो. १५ जानेवारी २०२१ रोजी धारवाडजवळ याच बायपासवर दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीला भीषण अपघात झाला, तो तुम्हाला आठवत असेल. तो रस्ता तेव्हा दुपदरी होता. नंतर रुंदीकरणाचे काम हाती घेतले गेले.

धारवाडहून बेळगावला सरळ न जाता हल्याळ, नंदगड, खानापूर असे जायचे. पेट्रोल धारवाडला किंवा हल्याळला भरून घ्या, पुढे जंगलाचा भाग आहे. नंदगडला १८३१ साली संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिले. तिथे दोन मिनिटे थांबावे. खानापूरपासून कानावर मराठी पडू लागते आणि गाडी आपोआप हळू होते. दुसरा मुक्काम बेळगावात. तिसऱ्या दिवशी पहाटे निपाणीवरून कागल. हा शेवटचा तुकडा हमरस्त्याचाच. सातारा-कागल पट्ट्यात गेली काही वर्षे सहापदरीकरण चालले आहे. कोल्हापूरच्याही पुढे जाणाऱ्यांनी वळणरस्ते आणि उघडी पडलेली खडी गृहीत धरावी.

बेरीज करा. ५९० ऐवजी सुमारे ७१० किलोमीटर. एकशेवीस जास्त. एका रात्रीऐवजी दोन मुक्काम. जेवणाचा आणि लॉजचा खर्च वेगळा. मुले म्हणतील, "काका, हा काय हिशेब झाला?" हिशेब सांगतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी अगदी थोडी, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मृत्यू तिथले. शंभर सीसीची गाडी पंचावन्नने चालते, लॉरी सत्तरने. म्हणजे दिवसभर कोणीतरी आपल्याला मागून ओलांडत असते. हा त्यातला खरा धोका.

पण मी तुम्हाला फसवणार नाही. आडवाटेलाही तिचे धोके आहेत. पांढरा पट्टा नसलेले हम्प. वळणावर बसलेल्या म्हशी. सुगीच्या दिवसांत मळणीसाठी रस्त्यावरच पसरलेली कणसे आणि कडबा. त्यावरून चाक गेले की गाडी तेलावरून सरकावी तशी सरकते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिव्याचा पत्ता नाही. आणि आपण जातो भाद्रपदात, म्हणजे पाऊस. पाणी साठलेला खड्डा किती खोल, ते कळत नाही. हे सगळे धोके उजेडात दिसतात, अंधारात दिसत नाहीत. म्हणून आडवाटेने रात्री जाणे हे हमरस्त्याने रात्री जाण्यापेक्षाही वाईट. मी वाट बदलायला सांगतो त्याआधी वेळ बदलायला सांगतो. एखाद्याला वाट लांब वाटली, त्याने खुशाल हमरस्त्याने जावे. पण पहाटे निघावे, पाच वाजता संध्याकाळी गाडी स्टँडवर लावावी आणि हावेरी-हुबळीला झोपावे. एवढे केले तरी अर्धे काम झाले.

आता मोबाईलबद्दल. आमच्या वेळी कागदी नकाशा आणि टाकीवर चिकटवलेली चिठ्ठी असे. हल्ली फोन रस्ता सांगतो, पण तो लवकर पोचायचा रस्ता सांगतो आणि सारखा ओढून तुम्हाला हमरस्त्यावर नेतो. महामार्ग टाळायची खूण केली, तर कधीकधी थेट कुणाच्या शेतात पोचवतो. उपाय सोपा आहे. एकदम 'कागल' टाकू नका. तिपटूर टाका, तिथे पोचलात की कडूर, मग शिमोगा, मग शिकारीपूर, हनगल. आणि दर पेट्रोल पंपावर एक वाक्य विचारा : "मुंदे रस्ते चेन्नागिदेया?" पुढचा रस्ता बरा आहे का? परवाच्या पावसात मोरी वाहून गेली की नाही, हे त्या पंपावरच्या मुलाला माहीत असते. इतकी वर्षे कर्नाटकात राहून एवढे कन्नड आले नाही, तर आपण राहिलो कशाला?

गाडीचे थोडक्यात सांगतो. निघण्याआधी चार दिवस सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी नाही. कारण सर्व्हिसिंगमध्ये सैल राहिलेला बोल्ट गावात सापडलेला बरा. टायरची नक्षी, चेन, ब्रेक, मागचा दिवा. पाठपिशवीला आणि हेल्मेटला मागून चमकणारी पट्टी लावा, वीस-तीस रुपयांची. त्या ड्रायव्हरचे डोळे आठवा.

शेवटचे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. ही आखणी नकाशापासून सुरू होत नाही, घरच्या फोनपासून सुरू होते. आई विचारते, "चतुर्थीला पूजेच्या आधी येशील ना रे?" आणि आपण "येतो" म्हणतो. रजा मिळते आदल्या संध्याकाळी. तो एक शब्द पाळायला मुलगा रात्री दहाला गाडी काढतो. तेव्हा मुलांनो, रजा दोन दिवस आधीची मिळत नसेल, तर आईला आजच सांगा, "चतुर्थीला जमणार नाही, गौरी जेवायच्या दिवशी पानावर असेन." बाप्पा रागावत नाही. तो तर आईबापाभोवती फिरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा देव. घाईची शर्यत त्याने कधी धावलीच नाही.

आणि इथे बसलेल्या आईबापांना, वहिनींना विनंती : "कधी पोचतोस?" असे विचारू नका. "आज मुक्काम कुठे?" असे विचारा.

२००९ साली तो मुलगा माझ्यापुढे उभा होता तेव्हा मी त्याला एवढेच विचारायला हवे होते. आता दरवर्षी जो कोणी रस्ता विचारायला येतो, त्याला मी आधी हेच विचारतो, आणि मग नकाशा उघडतो. माझे घर मार्केट यार्डाच्या मागेच आहे. केव्हाही या. चहा मिळेल, चिठ्ठी लिहून मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!