साने गुरुजी आणि त्यांचे बालवाचक

मुलांसाठीं लिहिणाऱ्या लेखकाचें यश कशानें मोजावें, हा प्रश्न सोपा नाहीं. पुस्तकाच्या आवृत्त्या मोजतां येतात. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या वागण्यांत काय उरतें, तें कोण मोजणार? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकाविषयीं आज मला बोलावयाचें आहे, तें ह्याच अंगानें.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ सालीं कोंकणांतील पालगड गांवीं झाला. घराणें खोतांचें, पण वैभव ओसरलेलें. आई यशोदाबाई १९१७ सालीं निवर्तल्या. पुढें सोळा वर्षांनीं, १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत असतांना गुरुजींनीं ह्या पुस्तकाचा बहुतेक भाग अवघ्या पांच दिवसांत लिहून काढला. १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्रीं एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. म्हणून प्रकरणांना ‘रात्र’ असें नांव. अशा बेचाळीस रात्री आहेत.

हें पुस्तक फार रडवितें, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो अगदींच खोटा नाहीं. कांहीं ठिकाणीं लेखकानें हात आंवरावयास हवा होता, असें मलाहि वाटतें. परंतु श्यामची आई स्वतः मुळींच रडवी नाहीं. श्याम पोहावयास भितो व लपून बसतो, तेव्हां ती शिंपटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळते. ‘अळणी भाजी’च्या रात्रीं तर चूक तिचीच आहे. भाजींत मीठ घालावयास ती विसरली. पण वडील चकार शब्द न काढतां जेवून उठले. आई शेवटीं जेवावयास बसली, तेव्हां तिला तें कळलें. मीठ कमी पडलें कीं ताट आपटणारे पुरुष ज्या समाजांत घरोघर होते, त्या समाजांतील मुलांच्या हातीं हें प्रकरण पडलें! भाजी अळणी झाली तर हसून श्यामच्या आईचें नांव काढणारीं घरें मीं पाहिलीं आहेत.

प्रभावाची खरी कसोटी मला दुसऱ्याच एका प्रसंगांत दिसते. एका म्हातारीची मोळी रस्त्यांत पडते. ती त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी उचलून देत नाहीं. आई श्यामला मोळी देण्यास सांगते. आणि मग घरीं येऊन स्नान कर, असेंहि सांगते. आजचा वाचक ह्या स्नानापाशीं अडखळतो, आणि त्यानें अडखळावेंच. आई रूढीच्या उंबरठ्यापर्यंत आली. तो ओलांडण्याचें काम मुलाकडे राहिलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलें व्हावें म्हणून गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं प्राणांतिक उपोषण आरंभिलें. तें १० मे रोजीं सुटलें, व पुढें मंदिर सर्वांना खुलें झालें. आईचें तें स्नान पुस्तकांतून गाळणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं तें गाळलें नाहीं.

मुलांशीं त्यांचें नातें पुस्तकापूर्वींच जडलें होतें. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत ते १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. छात्रालयांतील मुलांचीं अंथरुणें ते स्वतः आवरून ठेवीत, आणि ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक त्यांच्यासाठीं काढीत. आचार्य अत्र्यांनीं १९५३ सालीं काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. चित्रपट पाहून मूल पुस्तकाकडे वळलें तर उत्तम; पण चित्रपट पाहिला, आतां पुस्तक कशाला, असें म्हणणारे पालकहि मला भेटले आहेत!

गुरुजी ११ जून १९५० रोजीं गेले. अखेरच्या काळांत ते आपल्या पुतणीला, सुधाला, ‘साधना’ साप्ताहिकांतून पत्रें लिहीत असत. तीं ‘सुंदर पत्रे’ ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं. ज्या मुलांनीं श्याम वाचला आहे, त्यांच्या हातीं आतां हीं पत्रें द्यावीं. त्यांत डोळे पुसण्याचे प्रसंग थोडे; झाडें, पाऊस, पांखरें आणि पुस्तकें मात्र भरपूर.