दाराच्या आत पडलेली चप्पल

जपानहून आल्यापासून गटाच्या प्रत्येक बैठकीत विचारताय, तिकडे काय पाहिलं ते सांगा म्हणून. सगळं सांगत बसले तर वेळ पुरायचा नाही. एकाच दिवसाचं सांगते.

माझी भाची टोकियोत राहते. तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी कामाकुराला गेलो. टोकियोपासून साधारण ५० किलोमीटर, आगगाडीने तासाभराची वाट. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र असं ते गाव. कधीकाळी सगळ्या जपानचा कारभार इथून चालायचा. १३३३ मध्ये ती सत्ता बुडाली. देवळं आणि मठ मात्र राहिले. लोक इथे येतात ते उघड्यावर बसलेला मोठा बुद्ध पाहायला. मीही त्यासाठीच निघाले होते. पण भाची म्हणाली, "मावशी, आपण एक स्टेशन अलीकडेच उतरू. तुला एक जागा दाखवायचीय."

उतरलो. किता-कामाकुरा हे अगदी लहान स्टेशन. तिथून चार-पाच मिनिटं चाललं की दगडी पायऱ्या लागतात आणि वर गवताने शाकारलेला एक छोटा दरवाजा. मला वाटलं, एवढ्यासाठी उतरवलं होय! मग तिने गोष्ट सांगायला घेतली आणि मी पायरीवरच बसले.

या मठाचं नाव तोकेई-जी. काकुसान नावाच्या बाईने तो १२८५ साली स्थापन केला. तिचा नवरा होजो तोकिमुने म्हणजे त्या काळचा राज्याचा खरा कारभारी. तो वारला आणि ती भिक्षुणी झाली. पुढे हा मठ नवऱ्याच्या घरून पळून आलेल्या बायकांचा आसरा म्हणून देशभर प्रसिद्ध झाला.

टोकियोला तेव्हा एदो म्हणत. त्या काळात सोडचिठ्ठी लिहायची ती नवऱ्यानेच. साडेतीन ओळींचा कागद असायचा, बरं का, फक्त साडेतीन ओळींचा! पण बायको कितीही गांजली तरी तो कागद तिच्या हातचा नव्हता, आणि कागदाशिवाय दुसरा घरोबा केला तर शिक्षा. मग बाई घरातून निघायची आणि चालत इथवर यायची. आम्ही बसून तासाभरात आलो, तीच वाट. मागे नवरा किंवा त्याची माणसं. असं सांगतात, की पायऱ्यांवर पकडली जाईल असं दिसलं, तर बाई पायातली चप्पल काढून दरवाजाच्या आत भिरकावायची. चप्पल आत पडली, म्हणजे बाई आत आली. मग तिला हात लावायचा नाही.

मी मागे वळून त्या पायऱ्या पुन्हा मोजल्यासारख्या पाहिल्या. फार नाहीत. पण धावत आलेल्या बाईला किती वाटल्या असतील!

आत आली म्हणजे लगेच सुटली, असं नव्हतं. मठाची माणसं तिची हकीकत लिहून घ्यायची. माहेरच्यांना बोलावणं जायचं, नवऱ्याला निरोप जायचा. तोवर बाईने मठासमोरच्या, त्यासाठीच नेमलेल्या मुक्कामाच्या घरात राहायचं. पुष्कळदा तिथेच बोलणी होऊन नवरा कागद लिहून द्यायचा. तो अडूनच बसला, तर बाई मठात राहायची. आधी तीन वर्षं, पुढच्या काळात दोन. तेवढे दिवस भरले की त्याला कागद द्यावाच लागे. सरकारने मान्यता दिलेली अशी ठिकाणं त्या काळी सगळ्या देशात दोनच होती.

हे ऐकून फार भारावून जाऊ नका, मीही गेले नाही. राहण्याचा खर्च माहेरच्यांनी द्यायचा. जास्त पैसे भरणारीला हलकी कामं, कमी भरणारीच्या वाट्याला स्वयंपाक, धुणी आणि राबणं. म्हणजे तिथेही गरिबाची लेक भांड्यांपाशीच! पण दार होतं. १८७१ मध्ये मठाचा हा अधिकार गेला. १८७३ पासून बायकोला कोर्टात जाता येऊ लागलं, तेही बाप, भाऊ किंवा कुणी नातेवाईक सोबत घेऊन. आता तिथे भिक्षुणी नाहीत, भिक्षू आहेत. मागच्या डोंगरात जुन्या भिक्षुणींच्या समाध्या आहेत, शेवाळ धरलेल्या. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो.

पुढे कामाकुरा स्टेशन. तिथून चालत जाऊन झेनिआराई बेन्तेन नावाचं देवस्थान पाहिलं. ही बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच, बुद्धधर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली. गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात लोक टोपलीत ठेवून पैसे धुतात. धुतलेले पैसे दुपटीने परत येतात म्हणे. मी आपली एक नोट धुतली. अजून तरी दुप्पट झाली नाही, तेव्हा बचत गट बंद करू नका.

मग छोट्या गाडीने हासे स्टेशनवर गेलो. मोठा बुद्ध तिथून दहा मिनिटांवर. हा अमिताभ बुद्ध आहे. काशाचा, ११ मीटरहून उंच, १२१ टन वजनाचा. १२५२ मध्ये ओतायला घेतला. त्याच्यावर पूर्वी लाकडी देऊळ होतं; वादळांत आणि समुद्राच्या लाटांत ते गेलं. तेव्हापासून पाचशेहून जास्त वर्षं तो ऊन-पाऊस घेत बसलाय. आतून पोकळ आहे, ५० येन देऊन आत शिरता येतं. आतल्या बाजूला ओतकामाचे सांधे दिसतात, गोधडीच्या ठिगळांसारखे.

शेवटी हासे-देरा. इथे अकरा मुखांची कान्नोन आहे, ९ मीटरहून उंच, लाकडाची, सोन्याचा मुलामा दिलेली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरीला ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर दगडात कोरलेला आहे. जायला जमलं तर बघून या.

पण मला सांगायचंय ते त्या देवळाच्या पायऱ्यांजवळचं. तिथे वीतभर उंचीच्या दगडी मूर्ती आहेत, हजारोंनी, रांगांवर रांगा. तो जिझो. संस्कृतात क्षितिगर्भ. गोल गुळगुळीत डोकं, मिटलेले डोळे. जन्माआधीच गेलेल्या मुलांसाठी आईबापांनी त्या बसवलेल्या. अशा मुलाला तिकडे 'पाण्याचं मूल' म्हणतात. ही मुलं नदीकाठी दगडावर दगड रचत बसतात आणि जिझो त्यांना आपल्या बाहीत लपवून सांभाळतो, अशी समजूत. जिझोला लाल टोपडं, लाल लाळेरं घालायची पद्धत आहे. ती लहानगी टोपडी पाहून मला पुढे पाऊल टाकवेना.

भाचीने सांगितलं, की मूर्ती बसवायची ही चाल १९७० नंतर फार वाढली, आणि काही देवळांनी बायकांना धाक घालून पैसे उकळले अशी टीका तिकडेही झाली. खरं असेल. पण मैत्रिणींनो, माझं पहिलं सातव्या महिन्यात गेलं. बाळ माझ्यासमोर आणलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता विसर, पुढचं बघ." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. बत्तीस वर्षांत त्या बाळाबद्दल मी कुणापाशी बोलले नव्हते. तिथे त्या रांगांपुढे उभी राहून भाचीला सांगितलं. ती काही बोलली नाही, माझा हात धरून उभी राहिली.

आमच्या शेजारी एक म्हातारी होती, माझ्याहून बरीच मोठी. तिने खाली वाकून एका मूर्तीवर पडलेली वाळकी पानं वेचली आणि पदराने पुसावं तसं रुमालाने तिचं डोकं पुसलं. मग माझ्याकडे बघून मान लववली. मीही लववली. तिची भाषा मला येत नव्हती.

परतीच्या गाडीत भाचीने विचारलं, "मावशी, मुलगी होती की मुलगा?"

मुलगी होती.